पासष्ट किलो कापूस आणि समाजसेवेची शिक्षा

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरपंचताईंनी विचारलं आहे: गावातल्या 19 वर्षांच्या मुलानं शेजारच्या वावरात वेचून ठेवलेला 65 किलो कापूस रात्री उचलला. दुसऱ्या दिवशी माल सापडला, ठाण्यात गुन्हा दाखल झाला, पंचनाम्यात किंमत लागली 5,200 रुपये. "पोट्टं पहिल्यांदाच चुकलं. त्याले जेलात टाकण्यापेक्षा कोर्ट गावाचं काम काहून लावून देत नाही? ग्रामपंचायत ठराव द्यायले तयार आहे. आणि अशी शिक्षा दारूवाल्यांना, बाकी लहानसहान गुन्ह्यांनाही लागू करता येणार नाही का?"

ताई, आधी त्या मुलाचं बघू. कायदा कुठे वाढवायचा हे नंतर. त्याची पेशी कायद्यासाठी थांबणार नाही.

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम 4 मध्ये शिक्षांचे प्रकार दिले आहेत आणि त्या यादीत शेवटी समाजसेवा हा नवा प्रकार आला. चोरीच्या कलम 303(2) ला जोडलेलं परंतुक, म्हणजे 'मात्र असं असेल तर' अशी पुरवणी अट, तुमच्या कामाचं आहे. माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा हवा, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला हवा, आणि त्यानं माल किंवा मालाची किंमत परत केलेली हवी. तिन्ही जुळलं की शिक्षा समाजसेवेचीच होते, तिथे न्यायाधीशांना कैद द्यायची मुभाच नाही. गुन्हा 1 जुलै 2024 च्या आधीचा असेल तर मात्र प्रकरण जुन्या कलम 379 खाली चालतं आणि त्यात हे परंतुक नाही. आमच्या तालुका कोर्टांतल्या कपाटांत अजून अशी जुनी प्रकरणं पुष्कळ आहेत.

मुलाचं अडलंय ते 5,200 वर. हा आकडा आला कुठून ते बघा. 65 किलोला 5,200 म्हणजे क्विंटलला 8,000 चा भाव धरला. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 8,110 होता, मध्यम धाग्याचा 7,710. मध्यम धाग्यानं हिशोब केला तरी 5,011 होतात, म्हणजे रेघेच्या अकरा रुपये वर. पण गावात खेडा खरेदीवाला 7,000 नं उचलत असेल तर हाच कापूस 4,550 चा. त्यात रात्री दव पडलेल्या वावरातलं गाठोडं. ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की हमीभावानं खरेदी करणारी सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) सुद्धा भाव कापते आणि 12 टक्क्यांच्या वर मालच घेत नाही. तेव्हा पहिली गोष्ट, त्या तारखेचा बाजार समितीचा दर लेखी घ्या. दुसरी, वजन काट्यावर झालं की पंचांच्या अंदाजानं, हे पंचनाम्यात वाचा. पंचनाम्यातली किंमत ही 'अंदाजे' असते. ती अंतिम नाही, आणि कोर्टापुढे ती खोडता येते. एका माणसाच्या शिक्षेचा प्रकार जर भावफलकावर ठरत असेल, तर भावफलक रेकॉर्डवर आलाच पाहिजे.

या पाच हजारांच्या रेघेचा एक उलटा परिणाम तुम्हाला माहीत असावा. रेघेखालची चोरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) परिशिष्टात अदखलपात्र आणि जामीनपात्र केली आहे. म्हणजे चार हजारांची तूर गेली म्हणून शेतकरी ठाण्यात गेला, तर त्याच्या हातात एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद पडतो. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. शेतकऱ्यानं वर्षभर राबून पिकवलेलं ते धान्य, त्याला हे कसं पटणार? मग तो पुढच्या वेळी किंमत थोडी चढवून सांगायला शिकतो. पाच हजार शंभर, पाच हजार दोनशे असे आकडे हल्ली फिर्यादींत उगाच दिसत नाहीत. ज्याचं नुकसान झालं त्याला एफआयआर मिळावा म्हणून किंमत वाढते, आणि त्याच वाढीव किमतीनं समोरच्याचा समाजसेवेचा मार्ग बंद होतो. कायदा करणाऱ्यांच्या हे ध्यानात आलं नसावं.

आता जरा थांबा. समाजसेवा मिळाली म्हणजे पोरगं सुटलं, असं समजू नका. ती शिक्षा आहे, आणि शिक्षेच्या आधी दोषसिद्धी येतेच. पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं तुमच्या गावातही असतील. पोलीस भरती, एसआरपी, अग्निवीर. भरतीनंतर चारित्र्य पडताळणी होते, तिच्या फॉर्मात दोषसिद्धीचा रकाना असतो आणि तिथे 'शिक्षा फक्त झाडं लावायची होती' हे लिहून भागत नाही. म्हणून माझ्याकडे असं प्रकरण आलं की मी समाजसेवा सगळ्यात शेवटी मागतो.

पहिला मार्ग तडजोडीचा. साधी चोरी हा मालाच्या मालकाला मिटवता येणारा गुन्हा आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 359 बघा. तडजोड नोंदली की तिचा परिणाम निर्दोष सुटकेइतकाच. शेतकरी शेजारचाच आहे, कापूस सापडला आहे. त्याची झालेली नासाडी आणि ठाण्याच्या चकरांचा खर्च दिला तर तो ऐकेल. फक्त दबाव आणू नका. सरपंचानं दारात जाऊन 'मिटवा' म्हणणं हाही दबावच असतो. आणि कापूस अजून मालखान्यात असेल तर तो शेतकऱ्याला सुपुर्दनाम्यावर (जप्त माल हमी घेऊन ताब्यात देतात त्या कागदावर) लवकर मिळेल असं बघा. तिथे पडून पिवळा पडलेला कापूस परत मिळाल्यावर कोणाचंही मन तडजोडीला तयार होत नाही.

दुसरा मार्ग अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम, 1958. हा कायदा साठ वर्षांहून जुना आहे आणि तालुक्याला तो विसरल्यासारखाच झालाय. कलम 3 मध्ये समज देऊन सोडता येतं, कलम 4 मध्ये चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर. कलम 6 तर तुमच्या मुलासाठीच आहे: 21 वर्षांखालच्या आरोपीला कैदेची शिक्षा देण्याआधी न्यायालयाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि कैदच का हवी याची कारणं लिहावी लागतात. कलम 12 प्रमाणे कलम 3 किंवा 4 खाली सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. खात्यानं वर्तणुकीकडे बघून वेगळा विचार केला तर तो भाग निराळा, पण निदान कागद तुमच्या बाजूनं असतो. आपल्या राज्यात परिवीक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाखाली, जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो. तो आपणहून गावात येत नाही. वकिलानं लेखी अर्ज देऊन अहवाल मागवायचा असतो. या दोन्हींतून काही साधलं नाही, तरच परंतुकातली समाजसेवा.

आणि एक काम कोणत्याही परिस्थितीत करू देऊ नका. लोकअदालतीच्या आधी तालुका कोर्टात कबुलीची रांग लागते. माणूस 'कबूल' म्हणतो, कोर्ट उठेपर्यंत मागच्या बाकावर बसतो, दंड भरतो आणि संध्याकाळच्या एसटीनं घरी जातो. आम्ही वकील त्याला टीआरसी म्हणतो. पेशीला आलं की रोजी बुडते, भाडं लागतं, म्हणून लोकच म्हणतात, "टाका दंड अन् मोकळं करा साहेब." ती मोकळीक कागदावर दोषसिद्धी असते. पुढे कधी काही घडलं तर 'पहिल्यांदाच दोषी' ही अट तिथेच तुटते. फासेपारध्यांच्या बेड्यांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, पोरांच्या बाबतीत हे फार होतं. संशयावरून उचललं, पेश्यांना कंटाळून कबूल केलं, दंड भरला, आणि आता नव्या कायद्याची सवलत मागायला गेलं की सरकारी वकील जुना निकाल पुढे करतात.

आता तुमचा मोठा प्रश्न, ही शिक्षा वाढवायची का. वाढवायला हवी. पण कुठे, ते बघायला हवं, कारण सध्या ती जिथे उघडली आहे तिथून आपल्या भागातली माणसं फारशी आत जाणार नाहीत.

न्याय संहितेत समाजसेवा एकूण सहा ठिकाणी आहे. सरकारी नोकरानं बेकायदा धंदा करणं (202), फरारीची उद्घोषणा होऊनही हजर न होणं (209), सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणायला आत्महत्येचा प्रयत्न (226), आपण बघितली ती लहान चोरी (303(2)), दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन (355) आणि बदनामी (356). बदनामीचे खटले आमच्या तालुका कोर्टात औषधालाही सापडत नाहीत. 226 मात्र विदर्भात दर हंगामाला लागू शकेल असं कलम आहे. पीकविम्यासाठी किंवा कर्जाच्या कागदासाठी तहसीलसमोर कीटकनाशकाची बाटली घेऊन बसलेला माणूस, पाण्याच्या टाकीवर चढलेला माणूस. त्याला समाजसेवेची शिक्षा देण्याआधी मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 चं कलम 115 वाचावं: आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं धरून चालायचं, आणि त्याची काळजी घेणं, उपचार व पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य. अशा शेतकऱ्याकडून झाडू मारून घेणं मला पटत नाही, शिक्षा कितीही सौम्य असली तरी.

चोरीचंच घ्या. तुमच्या मुलानं कापूस उघड्या वावरातून उचलला म्हणून कलम 303 लागलं. तोच कापूस वावरातल्या कोठ्यातून उचलला असता तर माल ठेवण्याची इमारत म्हणून कलम 305 लागलं असतं. शिक्षा सात वर्षांपर्यंत, किंमत पन्नास रुपये असली तरी समाजसेवा नाही. सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या मालमत्तेलाही 305. म्हणजे तुमच्या ग्रामपंचायतीच्या नळाची तोटी कोणी काढून भंगारात विकली तर तो सात वर्षांच्या कलमात गेला. आणि मालकाच्या घरी काम करणाऱ्या सालदारानं त्याच गंजीतून दोन पायल्या सोयाबीन नेलं तर कलम 306, नोकरानं केलेली चोरी, तिथेही सात वर्षं. बाहेरून आलेला चोर समाजसेवा करून सुटेल आणि घरचा सालदार कैदेच्या कलमात उभा राहील. गावातली लहान चोरी कोण करतं आणि कुठून करतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला दिसेल की सवलत नेमकी त्या माणसाच्या बाजूनं वळून गेली आहे. विस्तार करायचा तर पहिला इथे करा: 305 आणि 306 मध्ये ठरावीक किमतीखालच्या, पहिल्या चोरीला तेच परंतुक जोडा. आणि किमतीची रेघ पाच हजारांवर गोठवून ठेवू नका; क्विंटलभर सोयाबीनचा हमीभाव 2024-25 मध्ये 4,892 होता आणि 2025-26 मध्ये 5,328 झाला. एकच पोतं, हमीभावानं मोजलं तर एका वर्षात रेघ ओलांडून गेलं.

दारूचं तुम्ही विचारलंत. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, वर्ध्यात त्याहून जुनी, चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 ला उठली. पण बंदी असो नसो, पिऊन धिंगाणा घालणाऱ्यावर आपल्याकडे ठाणेदार न्याय संहितेचं 355 लावत नाही, तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 चं कलम 85 लावतो, हाताच्या सवयीनं. त्या कायद्यात समाजसेवा नाही. म्हणजे केंद्रानं दिलेली शिक्षा राज्याच्या कलमाखाली दबून जाते. हा कायदा राज्याचा आहे, तेव्हा दुरुस्ती करायला दिल्लीकडे बघायची गरज नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात होऊ शकते. किरकोळ पिण्याच्या, स्वतःपुरती बाटली बाळगण्याच्या पहिल्या गुन्ह्याला समाजसेवा जोडावी. हातभट्टी लावणारा आणि पेट्या आणून विकणारा यात नको. आणि पिणाऱ्याला नाली उपसायला लावून त्याची दारू सुटत नाही. त्याला ग्रामीण रुग्णालयात काम द्या, जिथे समुपदेशकही भेटेल.

माझ्या मते खरी गरज याहूनही दुसरीकडे आहे. आधी सांगितलं तसं, लहान गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस बहुधा दंड भरून घरी जातो. मग जेलात कोण आहे? डिसेंबर 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते आणि त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून चालूच असलेले. चारातले तीन. समाजसेवा ही दोषसिद्धीनंतरची शिक्षा असल्यामुळे या तिघांपर्यंत ती पोचतच नाही. त्यांचं दुखणं जामिनाचं आहे. जामीनदार आणा, सातबारा आणा, घरटॅक्सची पावती आणा. भूमिहीनाकडे यातलं काय असणार? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 478 मध्ये सोय आहे की जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीन देता आला नाही तर माणूस निर्धन धरून वैयक्तिक बंधपत्रावर सोडायचा. कलम 479 प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याला, जन्मठेप-फाशीचा गुन्हा नसेल आणि त्याच्यावर दुसरी प्रकरणं चालू नसतील तर, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढल्यावर सोडायचं. ही दोन कलमं नीट वापरली तर तुरुंग जितके हलके होतील तितके समाजसेवेनं होणार नाहीत. हे मी समाजसेवेची बाजू घेणारा म्हणूनच सांगतो.

पण एका गटाला तिचा थेट उपयोग आहे: दंड न भरल्यामुळे आत बसलेले. शिक्षा संपली, दंडाचे चार-पाच हजार नाहीत, म्हणून आणखी महिना-दोन महिने. आजचा कायदा समाजसेवा टाळली तर कैद देतो, दंड थकला तरी कैद देतो. दंड थकला तर समाजसेवा, हा तिसरा रस्ता त्यात नाही. तो काढावा. तोपर्यंत केंद्राची 2023 ची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे, दंडासाठी आणि जामिनासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, फोन 15100.

कोणत्या गुन्ह्यांत नको, तेही सांगतो. बायकोला मारहाण, छेडछाड, अॅट्रॉसिटी, अवैध सावकारी. यांत पीडित त्याच गावात असतो आणि गुन्हेगाराला रोज समोर बघतो.

राहता राहिलं तुमच्या ग्रामपंचायतीचं. इथे मी तुमच्याशी थोडा असहमत आहे.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 23 मध्ये समाजसेवेची व्याख्या एका ओळीची आहे: न्यायालय सांगेल ते, समाजाला उपयोगी पडेल असं, बिनमोबदल्याचं काम. तास किती, काम कुठे, हजेरी कोण घेणार, मधेच सोडलं तर कोर्टाला कोण कळवणार, यातलं त्या ओळीत काही नाही. 1978 सालीही दंड विधानात ही शिक्षा घालायचं विधेयक आलं होतं; राज्यसभेत मंजूर झालं आणि लोकसभा बरखास्त झाल्यावर बारगळलं. म्हणजे इतकी वर्षं विचार करायला मिळाली, तरी हजेरीपुस्तकाचा प्रश्न तसाच राहिला. इंग्लंडनं 1972 च्या कायद्यानं ही शिक्षा आणली तेव्हा तासांची मर्यादा घातली, 40 ते 240. आणि देखरेखीला पगारी परिवीक्षा खातं होतं. आपल्याला जवळचं उदाहरण झिंबाब्वेचं आहे, कारण तो देशही खेड्यांचा आणि पैशाची चणचण असलेला. तिथे नव्वदच्या दशकात ठरलं की वर्षापर्यंत कैद झाली असती अशा माणसाला समाजसेवा, कैदेच्या एका महिन्याला 35 तास, कमाल 420. शाळा, दवाखाने अशा संस्थांनी काम द्यायचं, हजेरी घ्यायची आणि कोर्टाला कळवायचं. जमेल असं आहे हे आपल्याकडेही.

मात्र हजेरी सरपंचाकडे नको, ताई. गावात दोन पार्ट्या असतात, तुमच्याही असतील. तुमच्या पार्टीचा पोरगा असेल तर तो न येताही हजर लागेल, आणि समोरच्या पार्टीचा असेल तर आलेला असूनही गैरहजर. तुम्ही तसं करणार नाही. तुमच्यानंतर येणारा करेल. तंटामुक्त समितीचंही तेच. 2007 पासून या समित्यांनी बांधाची, भावकीची भांडणं पुष्कळ मिटवली, पण शिक्षा देणं हे त्यांचं काम नाही. गावानं स्वतःहून कोणाला 'महिनाभर गाव झाड' असा दंड लावला, आणि ऐकलं नाही म्हणून पाणी-किराणा बंद केला, तर 2016 च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्यात गावच आरोपी होतं. काम प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात, वनविभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत द्यावं, तिथला कायम नोकरीतला माणूस सही करेल. गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या ग्रामसभा आहेत. मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. स्वतःचं जंगल या ग्रामसभा स्वतः सांभाळतात, हिशोब ठेवतात. तशा ग्रामसभेला उन्हाळ्यात जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे) काढायला माणूस दिला तर तो वाया जाणार नाही. पण प्रत्येक गाव मेंढा नाही.

आणि कोणतं काम, यावर माझं मत पक्कं आहे. संविधानाचं कलम 23 वेठबिगारी बंद करतं. सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा त्यात चालते, पण जात, धर्म, वर्ग बघून नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातली जातीवर कामं वाटण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. एका जातीला स्वयंपाक आणि दुसऱ्या जातीला संडास, असं तुरुंगांच्या नियमपुस्तकांत लिहिलेलं होतं. जे जेलच्या भिंतीआड होतं ते गावच्या चौकात आणू नका. बौद्धवाड्यातल्या पोराला नाली आणि पाटलाच्या पोराला वाचनालयातली पुस्तकं लावायची, असं झालं तर ती शिक्षा न राहता जुनीच व्यवस्था होईल, फक्त कोर्टाच्या शिक्क्यानं. कामं आधी ठरवून यादी लावा आणि माणूस कोणाचा हे न बघता पुढचं काम द्या. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला तो स्वतःच्या मर्जीनं. कोणाच्या हातात तो जबरदस्तीनं देताना दहादा विचार करावा.

फोटोचंही सांगून ठेवतो. झाडू हातात दिला की पाच मिनिटांत गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'कापूसचोर कामाला लागला' येतं. मे 2024 मध्ये पुण्याच्या पोर्श अपघातात अल्पवयीन मुलाला जामिनाची अट म्हणून तीनशे शब्दांचा निबंध सांगितला तेव्हा सगळा महाराष्ट्र चिडला, आणि ती चीड रास्त होती, दोन जीव गेले होते. पण त्याची भरपाई आपण कापूसचोराची धिंड काढून करायची नसते. आदेशातच लिहून घ्यावं की कामाच्या जागी फोटो, व्हिडिओ, नावाची पाटी नको.

बाकी बारीक गोष्टी. वेचणीच्या दिवसांत कामाच्या वेळा ठरवू नका; रोजगार हमीची मजुरी 2025-26 मध्ये 312 रुपये होती, तेवढे रोज बुडाले तर घर उपाशी राहतं आणि माणूस यायचा बंद होतो, मग समाजसेवा टाळली म्हणून कैद. आठवड्यातून दोन सकाळी, चार-चार तास, असं चालतं. पांदण रस्त्यासारखं जे काम रोजगार हमीत बसतं ते या माणसाकडून फुकट करवून घेऊ नका, दुसऱ्या मजुराचा रोज जातो. विळा लागला, साप चावला तर उपचाराचा खर्च कोणाचा, हेही आदेशात असावं.

तेव्हा ठराव जरूर करा, फक्त त्यात मुलाचं नाव टाकू नका. ग्रामपंचायत हद्दीत आणि लगतच्या आरोग्य केंद्रात कोणती कामं देता येतील, तिथला कोणता कर्मचारी नोंद ठेवेल, वह्या-अवजारं कोण देईल, एवढंच लिहा आणि प्रत तालुका विधी सेवा समितीला द्या. म्हणजे तो कागद पुढच्या प्रत्येक प्रकरणात चालेल. आणि मुलाच्या पेशीला त्याच्या आईबरोबर वकिलाकडे एवढं पाठवा: शाळा सोडल्याचा दाखला, कारण 21 वर्षांखालचं वय त्यावरून ठरेल, पंचनाम्याची नक्कल, सुपुर्दनामा झाला असल्यास त्याची नक्कल, आणि कापूस उचलला त्या तारखेचा बाजार समितीचा दर, शिक्क्यासह.